नातवंडं मुक्कामाला येतात तेव्हा

एप्रिल सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून परीक्षा मागे पडतात आणि नातवंडं पुढे येतात. या अंकासाठी तीच निवडली आहेत. उत्तरं देणारी बाई डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळता सांभाळता निवृत्त झालेली, अंबाजोगाईला राहणारी आजी आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : पुण्याच्या मुलाची दोन लेकरं, आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू, यंदा पहिल्यांदाच आईबापांशिवाय दहा दिवस आमच्याकडं येणार आहेत. आनंद आहे, तशी धास्तीही आहे. आमच्याकडं एसी नाही. कूलर आहे, पण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. सूनबाई विचारतात, लेकरं तिकडं दिवसभर करतील काय? इथं एक उन्हाळी शिबिर भरतं, त्यात घालू का? आणि वायफाय मागितलं तर काय करू?
— एक आजी, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, घालू नका. शिबिरं पुण्यात पैशाला पासरी आहेत. आजी तिथं मिळत नाही.

परभणीचा मे म्हणजे पारा ४२-४३ वर. तेव्हा दिवसाची मांडणी उन्हाकडं बघून करायची. पहाटे साडेपाचपासून नऊपर्यंत बाहेर, मग दिवसभर घरात, पाचनंतर पुन्हा बाहेर. शहरातली लेकरं लवकर उठत नाहीत म्हणतात, पण गच्चीवर झोपलेल्या लेकराच्या तोंडावर उजेड आला की ते आपोआप उठून बसतं. सकाळी मैदानात नाहीतर गल्लीत सोडा. लगोरीचा विकतचा संच आणू नका. सात खापऱ्या हुडकून आणण्यात त्यांचा अर्धा तास जातो आणि एकावर एक नीट बसतील अशा निवडताना जी भांडणं होतात, ती खेळाइतकीच रंगतात. शेजारची पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून दाराशी येऊन उभी राहतात, तुम्ही ओळख करून द्यायच्या भानगडीत पडू नका. फक्त पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल आणि पायात चप्पल, एवढं बघा.

आणि मे म्हणजे कुरडया! तुम्ही करतच असाल, तर त्या लेकरं यायच्या आधी उरकून टाकू नका, राखून ठेवा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, त्या आंबूस वासाला नाक दाबून ‘ईऽऽ’ करायचं, हे सगळं त्यांच्या वाटणीचं काम आहे. वाटलेले गहू पिळून काढलेला चीक रात्रभर मुरतो. सकाळी वरची निवळी ओतून दिली की तळाशी पांढराशुभ्र गोळा दिसतो, तो माझ्या नातवाला दरवर्षी चमत्कार वाटतो. शिजलेला गरम चीक वाटीत घालून दूध-साखरेबरोबर दिला की त्या दिवशीची न्याहारी झाली. चुलीजवळ आणि गरम पातेल्याजवळ मात्र त्यांना येऊ देऊ नका. चीक थोडा निवला की मग सोऱ्या हातात द्या. आमची नात सोऱ्या दाबते तेव्हा जीभ दातांत धरते, टाचा उचलते, सगळा भार हातांवर टाकते, आणि तरी शेव बोटभरच उतरते. तिच्या कुरडईचा गोल कधी होत नाही. कधी बदक होतं, कधी नुसता गुंता. मी ती मोडून नीट करत नाही, तशीच वाळू देते. दिवाळीला तळताना पोरगी कढईजवळ उभी राहून ओरडते, ‘ही माझी!’ धाकट्याला काठी देऊन चिमण्या-कावळे हाकायला बसवलं होतं. राखणदारानंच ओल्या कुरडयांची एक ओळ फस्त केली, ते वेगळं.

पाण्याचं तुम्ही ओशाळून लिहिलंय. त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट लेकरांना सांगायला गोष्ट आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, एकेकीत सुमारे ५०,००० लिटर. आगगाडीतून पाणी येतं म्हटल्यावर लेकरांचे डोळे मोठे होतात. मग परातीत उभं राहून दोन तांब्यांत अंघोळ आणि परातीतलं पाणी कढीपत्त्याला, हा त्यांचा खेळच होतो. कढीपत्त्याला पाणी कुणी घालायचं यावरून आमच्याकडं रडारड झालेली आहे.

दुपारी बारा ते चार दारं-खिडक्या ओढून घ्या, ओला पडदा लावा. झोपतील तर उत्तम, नाहीतर फरशीवर खडूनं अष्टाचंगाचे पंचवीस घर आखा. चिंचोके दगडावर घासून दोन फाका केल्या की फासे तयार. पाच वर्षांचा नातू चार-आठ मोजत मोजत दहा दिवसांत न शिकवता बेरीज करू लागेल, पण ते कुणाला सांगू नका, नाहीतर सूनबाई त्याचाही क्लास लावतील. घरात आंब्याची आढी असेल तर ती बघण्याचं काम लेकरांना द्या. गवतात हात घालायचा, आंबा हलकेच दाबायचा, नाकाला लावायचा, आणि पाड लागला असेल तरच वर काढायचा. आपल्याला एका सेकंदात कळतं ते त्यांना पाच मिनिटं लागतात. लागू द्या. खायला वेगळं काही करत बसू नका. सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा), धपाटे आणि दही, संध्याकाळी गावरान आंबे चोखायला. पास्ता मागितला तर ‘आजीला येत नाही’ म्हणा. मला येतो, पण मी सांगत नाही.

राहिली रात्र, आणि सगळ्यात मोठी चैन तीच. गच्चीला कमरेइतका पक्का कठडा असेल तर गच्ची, नसेल तर अंगण. दिवस मावळल्यावर झाडून घ्या, बाजा टाका, मच्छरदाण्या बांधा. मे महिन्यात नवाच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले उंचावर असतात. आमच्या आजीनं त्यांना म्हातारीची बाज म्हणून ओळख करून दिली होती. चार चांदण्या हे बाजेचे चार खूर आणि मागच्या तीन म्हणजे बाज ओढून नेणारे चोर. माझा नातू दर वेळी विचारतो, ‘म्हातारी उठत का नाही?’ दर वेळी मी वेगळं उत्तर देते. चोरांच्या ओळीची कमान तशीच पुढं नेली की स्वाती लागते आणि आणखी पुढं चित्रा. मधल्या चोराला, म्हणजे खऱ्या वसिष्ठाला, लागून अरुंधतीची बारीक चांदणी आहे. ती मला आता दिसत नाही. नात बोट करून सांगते, आणि मी दिसल्यासारखं करत नाही, तिलाच विचारते, ‘कुठंय? कशी आहे?’

वायफायचं काय, असंही विचारलंय तुम्ही. पहिल्या दिवशी मागतील. दुसऱ्या दिवशी कमी. देऊन टाकलात तर मात्र दहाही दिवस मागतील.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. मुलगा-सून याच गावात, वेगळे राहतात. नातवाला माझ्याकडं मुक्कामाला दोनदा ठेवून बघितलं. दिवसभर हुंदडतो, रात्री अकराला उठून ‘आई पाहिजे’ म्हणून रडतो. दोन्ही वेळा बापाला येऊन न्यावं लागलं. आता सून म्हणते, मोठा झाल्यावर बघू. मला फार वाईट वाटतं. त्याला माझा लळा नाही का?
— लातूर

उत्तर : लळा नसता तर दिवसभर हुंदडला नसता. रात्री अकराला आई मागणं हे चार वर्षांच्या वयाचं काम आहे, तुमच्यावर ठपका नाही. आणि बाप येऊन घेऊन गेला हे फार चांगलं झालं. आजीकडं गेलं तरी घरी परतता येतं हे त्याला कळलं, आता तो पुन्हा यायला भिणार नाही.

आधी दुपारची झोप तुमच्याकडं होऊ द्या. त्याच खोलीत, त्याच गादीवर. ती जमली की रात्र. रोजचं पांघरूण घरून आणायचं, आणि जमलं तर आईची वापरलेली ओढणीही. संडास-मोरी कुठं आहे ते दिवसा दाखवून ठेवा आणि तिकडचा बारका दिवा रात्रभर चालू ठेवा. पुष्कळ लेकरं रात्री उठतात ती शू आली म्हणून, अंधारात वाट सापडत नाही म्हणून घाबरतात, आणि मग आई आठवते. आईशी व्हिडिओ कॉल जेवणाआधी करा. झोपायच्या वेळी केला की चेहरा दिसतो, हात लागत नाही, आणि रडू फुटतं.

रडलाच तर दिवा लावा, उचलून घ्या, पाणी द्या. ‘आई आत्ता येतेय बघ’ असं खोटं सांगू नका, त्याला सकाळपर्यंत आठवतं. ‘गप बस, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे तर आपल्या पिढीनं आता सोडूनच द्यावं. ‘उजाडलं की आपण दोघं आईकडं जाऊ’ असं सांगा आणि उजाडल्यावर खरंच जा, तो विसरला असला तरी. अर्ध्या तासात शांत झाला नाही तर बापाला बोलवा. त्यात हार-जीत काही नाही.

गादी ओली केली तर बोभाटा करू नका, सुनेजवळ हसत हसतसुद्धा सांगू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत हे अनेक लेकरांचं होतं. गादीवर रबरी कापड घाला आणि विषय संपवा. सुनेचं म्हणाल, तर तिला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं विचारू नका. रात्री फोन उशाशी ठेवीन, कितीही वाजता करीन, एवढं सांगा. ती तेवढ्याचीच वाट बघत असते.

प्रश्न : शेतात घर आहे. मुलीची दोन लेकरं, सहा आणि नऊ वर्षांची, सुट्टीत यायची आहेत. आमच्या हिला फार हौस, पण मला विंचू-सापाची भीती वाटते. शेततळंही आहे. बोलवावं की नाही?
— एक आजोबा, जालना जिल्हा

उत्तर : बोलवा. पण भाऊसाहेब, ही भीती रास्त आहे, म्हणून हौस बाजूला ठेवून या प्रश्नाला जरा करडं उत्तर देते.

सगळ्यात आधी शेततळं. विंचवापेक्षा मला त्याची धास्ती जास्त. विहिरीला निदान काठ दिसतो, पायऱ्या असतात. शेततळ्याच्या उताराला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की शेवाळानं असा गुळगुळीत होतो की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. पोहता येणारेही त्यात बुडाले आहेत. चारी बाजूंनी जाळी नाहीतर काटेरी कुंपण आणि कुलूप लावलेलं फाटक हवंच. आत चारही उतारांवर गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून पक्क्या खुंटाला बांधा, हवेच्या ट्यूब त्याला लावून ठेवा. हे झालं नसेल तर या सुट्टीत लेकरांना गावातल्या घरी ठेवा आणि शेतात फक्त तुमच्या बोटाला धरून न्या. पोहायला शिकवायचं असेल तर पायऱ्यांची विहीर, पाठीला सुका भोपळा किंवा डबा, आणि पोहणारं माणूस पाण्यात आधी उतरलेलं.

विंचू दगडाखाली, सरपणात, गोवऱ्यांत, भिंतीच्या भेगांत आणि रात्री बाहेर राहिलेल्या बुटांत असतो. बूट झटकून घालायचे, सरपणाच्या ढिगावर चढायचं नाही, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. हे तीन नियम पहिल्या दिवशी सांगा आणि स्वतः पाळून दाखवा. चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मंत्र घालणाऱ्याकडं वेळ घालवू नका. लाल विंचू लेकरांना जड जातो. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसायची वाट न बघता दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा. या विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तुमच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. काम त्यांनी कोकणात महाडकडं केलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लेकरांना हेही सांगा, विंचवाच्या गोष्टीला नुसती भीतीच नको.

सापांत मण्यारीचं लक्षात ठेवा. ती रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे लेकराचं पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट मोठं रुग्णालय. खाली अंथरूण नको. बाज आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी.

आणखी एक, शेतावरच्या घरात हमखास असतं ते म्हणजे फवारणीचं औषध. शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं असेल तर आजच बाहेर काढा. तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही उशाखालून कपाटात.

प्रश्न : आमच्या सासूबाई नातवंडांवर जीव टाकतात, पण तिथून आली की मुलं बिघडलेली असतात. चिखलात लोळतात, केव्हाही खातात, अभ्यासाचं नाव नाही. बोलले तर त्या रुसतात. काय करू?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चिखलाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जे सांगितलं, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी, स्क्रीन एका तासाच्या वर नको आणि १० ते १३ तास झोप हवी, असं आहे. तुमच्या फ्लॅटपेक्षा हे त्यांच्या अंगणात सहज होत असेल. अभ्यासाला तर पुढचं वर्ष पडलंय.

पण काही गोष्टी तुमच्या शब्दानं चालल्या पाहिजेत : औषधं, ॲलर्जी, रात्री दात घासणं, गाडीवर पुढं न बसवणं. आणि मुलं पाचच्या आतली असतील तर अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. कूट द्या म्हणावं. आपल्याकडं शेंगदाण्यावाचून पान हलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. या चार-पाच गोष्टी कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि बाकीचं सोडून द्या. यादी लांबली की आजी एकही वाचत नाही, स्वानुभव आहे.

प्रश्न : सांगायला लाज वाटते. नातवंडं येणार म्हणून महिनाभर आधी हरखते, पण ती गेली की गाडी वळणाआड जाताच हुश्श वाटतं. गुडघे दुखतात, चिडचिड होते. माझं प्रेम कमी आहे का?
— हिंगोली

उत्तर : अहो, मलाही वाटतं! त्या दिवशी मी दुपारी दोन तास झोपते आणि संध्याकाळी पलंगाखालची चप्पल सापडली की डोळ्यांना पाणी येतं. दोन्ही खरं आहे. दहा दिवस झेपत नसतील तर चार दिवस बोलवा. सगळी एकदम नकोत, एकेकाला बोलवा. एकटं आलेलं नातवंड वेगळंच असतं, भावंडांत तोंड न उघडणारं पोर आजीजवळ बडबड करतं. धावायचं काम शेजारच्या कॉलेजच्या पोरांवर सोपवा, तुम्ही खुर्ची टाकून पंच व्हा. आजीनं आउट दिलं की कुणी वाद घालत नाही. आणि पोळ्यांना बाई लावा. नातवंडांसाठी राबलं तरच प्रेम, हे कुणी ठरवलं?

प्रश्न : उन्हाळा फार होतो म्हणून नातीला येळवशीला बोलवावं म्हणते. पण तेव्हा मुंबईत शाळा चालू असते. एका दिवसासाठी एवढा प्रवास करवावा का? ती सात वर्षांची आहे.
— औसा तालुका

उत्तर : करवावा, पण एका दिवसासाठी नको, पुढं-मागं एक-एक दिवस धरा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या बाजूच्या काही गावांत वेळा अमावास्या असते, बोलताना येळवस. गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते, आणि मग भज्जी (ओल्या शेंगा आणि पालेभाज्यांची मिसळीची भाजी), आंबील, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), खीर. आपल्या शेतात जेवायचं आणि बांधापलीकडच्यांनाही बोलवायचं. लातुरात तर त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. मुंबईच्या शाळेला हे ठाऊक नसणार, तिथं काय लिहून द्यायचं ते आईबापांना ठरवू द्या.

नात आदल्या दिवशी पोचली पाहिजे, कारण खरी गंमत आदल्या रात्रीची. बायका भज्जीसाठी तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या ओल्या शेंगा सोलायला बसतात, त्या राशीत तिला बसवा. सात वर्षांच्या हातांना सोलाणे सोलता येतात, निम्मे तोंडात गेले तरी चालतील. शेतात कोपीला प्रदक्षिणा घालताना आंबिलीचं पाणी शिंपडायचं काम तिच्याकडं द्या. भज्जी तिखट असते, तिच्यासाठी वाटीभर आधी काढून ठेवा. आंबील सकाळच्या गारठ्यात थोडीच द्या, सवय नसते.

गाडीत बसण्याआधी तिच्या आईला फोन करून सांगा : पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायजमा आणि बंद बूट. उभ्या ज्वारीच्या पात्यानं हात कापतात आणि तुरीचं धसकट चपलेतून वर येतं.